संग्रहालयात नव्याने रुजू झालेल्या मैत्रिणीस

पहिले सहा महिने नोंदवही सोडू नकोस. प्रत्येक वस्तूचा नोंदणी क्रमांक, ती कुठून आली, कुणी दिली, हे तोंडपाठ नसले तरी कुठे सापडेल ते माहीत हवे. जतनाचे प्रशिक्षण मिळाले तर जरूर घे. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेच्या कार्यशाळांवर लक्ष ठेव.

पण खरे शिक्षण दालनात होते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका पितळी मोराखाली ‘शोभेची वस्तू’ अशी पाटी होती. सहलीला आलेल्या नातवाबरोबर एक आजी होत्या. काचेला नाक लावून त्या म्हणाल्या, ‘‘अगं, ही वजरी! उलटी करून बघ, खाली खरखरीत असेल. टाचा घासायच्या हिने.’’ कपाट उघडल्यावर खरेच तळाला आडवेउभे खाचे दिसले. त्याच आठवड्यात पाटी बदलली. तेव्हापासून मी प्रेक्षकांना माहिती देण्याआधी ‘तुमच्या घरी याला काय म्हणायचे?’ असे विचारते, आणि उत्तर गावाच्या नावासकट लिहून ठेवते.

सगळेच लोक आपल्यापर्यंत येऊ शकत नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने 2015 पासून बसमधून फिरते संग्रहालय शाळाशाळांत नेले. तुझ्याकडे बस नसेल, पण एक पेटी भरता येईल: प्रतिकृती, खापराचे तुकडे, भिंग. मुलांच्या हातात वस्तू दे. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून सुरुवात कर. 18 मेच्या संग्रहालय दिनाची वाट बघू नकोस, तेव्हा शाळांना सुट्टी असते.