कॉर्निया ट्रान्सप्लांट: पूर्ण कॉर्निया बदलायचा की फक्त आतला थर?

तुम्ही विचारलंय की आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी त्याच डोळ्याला धूसर दिसायला लागलं. एक डॉक्टर पूर्ण कॉर्निया बदलायला सांगतात, दुसरे म्हणतात आतला थर बदलला तरी पुरे. ऐकायचं कोणाचं?

आधी आईंना एक विचारा. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात जास्त धूसर दिसतं आणि दुपारपर्यंत जरा निवळतं, असं होतं का? होत असेल तर बिघाड बहुधा आतल्या थरातच आहे. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, त्यामुळे कॉर्नियातलं पाणी उडून जात नाही आणि तो फुगतो. दिवसा डोळा उघडा राहिला की थोडा ओसरतो.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच. मध्यभागी तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते आणि त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भाग स्ट्रोमा नावाच्या मधल्या थराचा. सगळ्यात आत एंडोथेलियम, तो जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर उपसायचं, हे त्याचं काम. मोठ्या माणसात या पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण २००० ते ३००० असतात. त्या मेल्या तर नव्या तयार होत नाहीत, शेजारच्या पेशी पसरून जागा झाकतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही काही पेशी जातात. मुळातच कमी असल्या किंवा ऑपरेशन अवघड गेलं, तर जास्त जातात. संख्या ५००च्या आसपास किंवा त्याखाली आली की उपसा पुरेनासा होतो, कॉर्निया सुजतो, पुढे वरच्या थरावर पाण्याचे फोड येतात. ते फुटले की डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं.

म्हणून डॉक्टरांना नेमका हा प्रश्न विचारा: स्ट्रोमात कायमचा डाग पडलाय का? पडला नसेल तर पूर्ण कॉर्निया काढायचं कारण मला दिसत नाही. सूज फार दिवस राहून स्ट्रोमा पांढरट, घट्ट झाला असेल, तर मात्र नुसता आतला थर बदलून नजर धूसरच राहील आणि पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर ठरेल. म्हणजे उशीर करण्यातही तोटा आहे.

पूर्ण जाडीच्या ऑपरेशनला पीके म्हणतात. एडुआर्ड झिर्म या नेत्रतज्ज्ञांनी १९०५ साली यशस्वी करून दाखवलेलं ते हेच. मधला साधारण साडेसात ते आठ मिलिमीटरचा गोल कापून काढतात आणि दात्याचा त्याहून पाव मिलिमीटर मोठा गोल तिथे शिवतात. केसापेक्षा कितीतरी बारीक नायलॉनचे, बहुतेकदा सोळा टाके. खरी अडचण या टाक्यांची. एक जास्त ओढला गेला, एक सैल पडला की कॉर्निया वेडावाकडा होतो आणि चष्म्याचा मोठा तिरकस (सिलिंडर) नंबर येतो. टाके टप्प्याटप्प्याने काढत स्थिर नजर यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. शिवाय ती जखम मूळ कॉर्नियाइतकी मजबूत कधीच होत नाही. वर्षांनंतरही जोराचा फटका बसला तर उसवू शकते.

आतला थर बदलायच्या ऑपरेशनचे दोन प्रकार आहेत. डीसेकमध्ये एंडोथेलियमसोबत स्ट्रोमाचा पातळ पापुद्राही असतो, एकूण जाडी साधारण १०० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डीमेकमध्ये फक्त एंडोथेलियम आणि त्याचा पडदा, १० ते १५ मायक्रॉन. हा पडदा सुटा केला की स्वतःच सुरळी होतो, पेशींची बाजू बाहेर. दिसावा म्हणून निळ्या रंगात बुडवून डोळ्यात सोडतात, वरून हलक्या टिचक्या मारत उलगडतात, मग खालून हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा भरून वर चिकटवतात. उलटा चिकटला तर ग्राफ्ट, म्हणजे दात्याचा बसवलेला थर, चालतच नाही, म्हणून त्यावर आधी खूण करून ठेवतात. डीमेकने नजर लवकर आणि जास्त स्वच्छ येते, रिजेक्शनही, म्हणजे शरीराने परका थर नाकारणंही, सगळ्यांत कमी. पण आईंच्या डोळ्यात लेन्स बाहुलीच्या पुढे बसवलेली असेल, मागचा विट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) काढलेला असेल किंवा काचबिंदूची नळी असेल, तर पडदा उलगडणं आणि बुडबुडा टिकणं कठीण जातं. अशा डोळ्यात अनेक सर्जन डीसेक निवडतात, आणि ते योग्यच आहे.

वाचताना तुम्हाला डाल्कही दिसेल. त्यात उलट आहे: वरचे थर बदलतात आणि रुग्णाचं स्वतःचं एंडोथेलियम राखतात. केराटोकोनससाठी (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) उत्तम, आईंसाठी उपयोगाचं नाही.

आतल्या थराच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस जमेल तितकं उताणं, चेहरा छताकडे करून झोपायचं. बुडबुडा वर तरंगून ग्राफ्टला दाबून धरतो. त्या काळात आई सारख्या बसून राहिल्या तर कड सुटू शकते. सुटली तर घाबरू नका, बऱ्याचदा पुन्हा बुडबुडा भरून ती चिकटते. पण त्याच दिवशी किंवा रात्री डोळा भयंकर ठणकायला लागला, उलट्या झाल्या, तर बुडबुड्याने पाण्याची वाट अडवून डोळ्यातला दाब वाढवलेला असू शकतो. त्यासाठी बुबुळात खाली आधीच बारीक भोक पाडतात, तरीही ताबडतोब दवाखाना गाठा. बुडबुडा पूर्ण जिरेपर्यंत विमानप्रवास नको, उंचीवर तो फुगतो.

स्टेरॉइडचे थेंब कितीही बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून प्रत्येक भेटीत दाब मोजून घ्या. लाली, उजेड सहन न होणं, दुखणं किंवा नजर अचानक मंदावणं, यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, मग ऑपरेशनला पाच वर्षं झालेली का असेनात. रिजेक्शन सुरुवातीलाच पकडलं तर थेंब वाढवून ग्राफ्ट बहुतेकदा वाचवता येतो.