बेड्या, मुसक्या आणि जेरबंद: अटकेची मराठी

एका वाचकाचा प्रश्न: "'सराईत घरफोड्याला बेड्या', 'टोळीच्या मुसक्या आवळल्या', 'फरार आरोपी जेरबंद' असे मथळे रोज वाचतो. खालच्या फोटोत बऱ्याचदा आरोपीचे हात मोकळे असतात, तोंडावर तेवढा बुरखा. मग बेड्या ठोकल्या हे खरं, की नुसती म्हणायची रीत? बेडी आणि हातकडी एकच का?"

शेवटचं आधी घेतो. बेडी मूळची पायातली. हिंदीत 'हथकड़ी-बेड़ी' अशी जोडी आहे, हातांची वेगळी आणि पायांची वेगळी. आपल्याकडेही संसाराची बेडी पायातच पडते, हातात पडल्याचं कुणी म्हणत नाही. हातात पडते ती हातकडी. बोलण्यात आज दोन्हींची सरमिसळ झाली आहे आणि 'हातात बेड्या' कुणाला खटकत नाही, तेव्हा त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण कायद्याविषयी लिहिताना फरक पाळावा, कारण न्यायालयांनी या दोन्हींचा विचार वेगवेगळा केला आहे.

'ठोकणे' कुठून आलं? आजची हातकडी खटक्याने मिटते आणि किल्लीने उघडते, तिथे ठोकण्यासारखं काही नाही. जुनी बेडी लोहाराकडून घालून घ्यावी लागे. कडं पायात अडकवून खिळा ठोकून बंद करायचं, काढतानाही पुन्हा छिन्नी-हातोडा. अंदमानच्या आठवणी वाचलेल्यांना 'दंडाबेडी' हा शब्द ओळखीचा असेल: दोन्ही घोट्यांतल्या कड्यांना जोडलेले लोखंडी दांडे, ते वर कमरेशी अडकवलेले. ही बेडी इंग्रजांबरोबर गेली नाही. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात तिहार तुरुंगातल्या चार्ल्स शोभराजच्या दंडाबेडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. त्या कैद्याच्या पायात ती सुमारे दोन वर्षं होती. अशी अनिश्चित काळ, रात्रंदिवस बेडी चालणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

आता मुख्य प्रश्न. 'बेड्या ठोकल्या' म्हणजे मथळ्यापुरतं 'अटक केली'. प्रत्यक्षात हातकडी घातली की नाही, हे त्यातून कळत नाही. मला खटकतं ते इथेच. कायद्यात अटक करणं आणि हातकडी घालणं या दोन वेगळ्या कृती आहेत. अटक म्हणजे त्या माणसाच्या शरीराला स्पर्श करणं किंवा त्याला अडवून ठेवणं. तो शब्दाने वा कृतीने स्वतःहून ताब्यात आला तर तेवढंही लागत नाही. पळून जाऊ नये म्हणून जेवढं लागेल त्याहून जास्त जखडू नये, हे वाक्य जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४९ म्हणून होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४६ म्हणून आहे.

हातकडीविषयीचा सर्वांत मोठा निकाल १९८० चा, प्रेम शंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन. एका कच्च्या कैद्याने (खटला चालू असलेल्या, शिक्षा न झालेल्या कैद्याला तुरुंगाच्या मराठीत कच्चा कैदी म्हणतात) सर्वोच्च न्यायालयाला तार केली: कोर्टात नेता-आणताना हातकडी घालतात. न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात हातकडी ही सकृद्दर्शनीच अमानुष ठरवली गेली. माणूस पळून जाण्याचा खरा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच ती घालावी. तशी घातलीच, तर बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याने कारणं त्याच वेळी लिहून ठेवावीत आणि न्यायाधीशांना दाखवून त्यांची संमती घ्यावी. त्या वेळच्या पंजाब पोलीस नियमांत 'वरच्या वर्गाचे' आणि 'सामान्य' असे कैद्यांचे दोन प्रकार होते. वरच्या वर्गातल्याला गरज असली तरच हातकडी, सामान्याला सर्रास. पैसा आणि शिक्षण असलेला माणूस पळत नाही, असं गृहीत धरलेलं! न्यायालयाने हा भेद मोडीत काढला.

निकाल लागला म्हणून सवय मोडते असं नाही. १९८९ मध्ये गुजरातेत नडियादला पोलिसांनी चक्क मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनाच मारहाण केली, हातकडी घातली, वर दोरखंडाने बांधून फोटो काढले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकाऱ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा दिली. १९९५ चं प्रकरण आसामचं: पत्रकार कुलदीप नय्यर यांनी गुवाहाटीच्या एका दवाखान्यात टाडाखालचे (तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालचे) कैदी खाटेला हातकडीने जखडलेले पाहिले आणि न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर आदेश झाला की तुरुंगातून कोर्टात किंवा दवाखान्यात नेताना दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हातकडी घालायची नाही.

नव्या संहितेने यात एक भर टाकली. कलम ४३(३) मध्ये हातकडीचा उल्लेख प्रथमच संहितेत आला. सराईत किंवा पुन्हापुन्हा गुन्हे करणारा, कोठडीतून पळालेला, तसंच संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, खून, बलात्कार, ॲसिडहल्ला, मानवी तस्करी, मुलांवरील लैंगिक गुन्हे अशा ठरावीक गुन्ह्यांतला आरोपी असेल, तर अटक करताना किंवा कोर्टापुढे हजर करताना हातकडी वापरता येते. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर ते गळले. भाषेच्या माणसाने इथे क्रियापदाकडे पाहावं. कलमात 'वापरू शकेल' आहे, 'वापरावी' नाही. गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य पाहून, असंही सोबत आहे. म्हणजे 'नव्या कायद्याने बेड्या सक्तीच्या' हे मी काही ठिकाणी वाचलेलं वाक्य साफ चुकीचं.

राहिल्या मुसक्या. शेतात राबलेल्यांना बैलाच्या तोंडाचं मुसकं आठवेल: मळणीत त्याने धान्याला तोंड लावू नये म्हणून घालतात ते जाळं. पण 'मुसक्या बांधणे' म्हणजे माणसाचे दोन्ही दंड पाठीमागे खेचून बांधणं. हिंदीत नेमकं याच अर्थाने 'मुश्कें कसना' म्हणतात, आणि तिथे मुश्क म्हणजे दंड. आपल्या मुसक्यांचं नातं बैलापेक्षा तिकडे जास्त जुळतं असं मला वाटतं. 'चतुर्भुज करणे' हा त्याचाच थट्टेखोर भाऊ. तोच शब्द आपण लग्न झालेल्यालाही लावतो, आणि या योगायोगावर मराठी विनोद पिढ्यान्‌पिढ्या जगला आहे.

जेरबंद फारसीतून आला. जेर म्हणजे खाली, बंद म्हणजे पट्टा. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून त्याच्या छातीखालून तंगापासून (खोगिराच्या पोटपट्ट्यापासून) लगामापर्यंत जाणारा पट्टा तो जेरबंद. 'बिबट्या जेरबंद' हे त्यामुळे जनावरापुरतं तरी चालून जातं. माणसाला लावताना मात्र मी थांबतो. मुसक्या काय, जेरबंद काय, हे सगळे बांधण्याचे आणि लोळवण्याचे शब्द. अजून ज्याच्यावर आरोपपत्रही दाखल झालेलं नाही अशाला ते लावले की वाचकाच्या मनात खटला तिथेच संपतो. वार्ताहर म्हणतील, मथळ्यात जागा कमी असते. पण 'अटक' तीन अक्षरी आहे, 'जेरबंद' चार.

याच कुळातला आणखी एक शब्द वाचकांनी विचारला नाही, तरी सांगतो: धिंड. आरोपीला त्याच्याच वस्तीतून पायी फिरवलं की 'पोलिसांनी धिंड काढली' अशी बातमी येते, तीही कौतुकाच्या सुरात. गाढवावर बसवून गावभर फिरवण्याच्या जुन्या शिक्षेचा हा शब्द. आजच्या कायद्यात अशी शिक्षा नाही, आणि असती तरी ती द्यायचा अधिकार कोर्टाचा. तिला 'परेड' म्हणून ओळख परेडीशी गल्लत करू नये. ओळख परेड तपासाचा भाग आहे. गुन्ह्याच्या वेळेनंतर परेडीपर्यंत साक्षीदाराने संशयिताला पाहिलेलं नसावं, यावर तिचं सगळं वजन असतं. फोटोतला बुरखा त्याचसाठी. चेहरा उघडा ठेवून वस्तीभर फिरवलेल्या माणसाची पुढे ओळख परेड घेतली, तर बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार.

लिहिताना काय वापरावं? नुसतं नेलं असेल तर 'ताब्यात घेतलं'. रीतसर अटक असेल तर 'अटक केली'. हातकडी खरोखर घातली असेल आणि ते सांगण्यासारखं असेल, तर 'हातकडी घालून कोर्टात नेलं' असं सरळ लिहावं. त्यातून वाचकाला 'का घातली' हे विचारता येतं. पोलीस ठाण्याच्या कागदांत 'आरोपी अटक आहे', 'आरोपी अटक नाही' अशी वाक्यं असतात. व्याकरणाचे शिक्षक त्यावर लाल रेघ मारतील. मला ती आवडतात: अटक झाली की नाही एवढंच सांगतात, बाकी काही चिकटवत नाहीत.