असील घ्यायच्या आधी

प्रिय बाळा,

तू पाठवलेला कोंबड्याचा फोटो मोठा करून दोनतीनदा बघितला. पक्षी देखणा आहे, पण पैसे लगेच देऊ नको. असील, म्हणजे झुंजीची कोंबड्याची जात, फोटोवरनं कळत नाही, हातात घ्यावा लागतो. छातीखाली हात घाल, मधल्या हाडावर पिसं जवळजवळ नसतातच, लाल कातडी हाताला लागते. पिसं आखूड, कडक, अंगाला चिकटलेली. गावरान कोंबडा फुगलेला दिसतो पण उचलला की हलका लागतो, असील दिसतो त्यापेक्षा जड भरतो.

आता तुरा. असीलाचा तुरा बुटका, तीन बारीक रांगांचा, वाटाणे ओळीनं लावल्यासारखा. करवतीसारखा उभा तुरा असला तर मिसळ आहे, विषय संपला. पण वाटाणा तुरा दिसला म्हणजे पक्षी शुद्ध असं मात्र धरू नको, कारण हा गुण वरचढ आहे, शुद्ध असील गावरान कोंबडीवर सोडला तरी पहिल्या पिढीची सगळी पिल्लं वाटाणा तुऱ्याचीच निघतात आणि तेच अर्ध्या रक्ताचे पक्षी बाजारात असील म्हणून खपवतात. खात्री करायची असेल तर कोंबडा उभ्या तुऱ्याच्या गावरान कोंबड्यांवर सोड, पिल्लात एक जरी करवती तुऱ्याचं निघालं तर त्याच्यात मिसळ आहे. 2019 ला आपल्या सांगली-साताऱ्यात कडकनाथाच्या, त्या काळ्या कोंबड्यांच्या, नावाखाली किती जणांचे पैसे बुडाले ते तुला माहीत आहे, नावावर भुलायचं नाही बघ.

आणि कोंबड्याआधी त्याची आई बघ. माझ्या मते निम्मं तर तिच्याकडनंच येतं, पण बघायला कुणी थांबत नाही.

असीलाची कोंबडी अंडी कमी देते, थोडी घातली की खुडूक होऊन उबवायला बसते. तिच्याखाली आठ-दहाच अंडी ठेव, जड असते, जास्त ठेवलीस तर पायाखाली फुटतात. 21 दिवसांनी पिल्लं निघाली की आईसकट वेगळी ठेव, दुसरीची पिल्लं ती टोचून मारते.

मी एकदा दोन भाऊ-कोंबडे चार दिवस वेगळे ठेवून परत एकाच खुराड्यात सोडले, एकत्र वाढलेत, काय होतंय म्हणून. दुपारी रानातनं आलो तर एकाचा डोळा गेलेला. चूक माझी होती, आणि तो पक्षी पुढं जगला तोवर रोज मला ती आठवण व्हायची. मिसरूड फुटल्यासारखे ताठायला लागले की नर एकेकटे ठेव, आणि मध्ये नुसती जाळी नको, जाळीतनं पण भांडून तोंडं फोडून घेतात, खालचे दोन फूट पत्रा लाव.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नको. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब. लस बर्फातनं आणायची आणि कालवली की दोन तासात संपवायची, म्हणून शेजारच्या दोनचार घरांच्या पिल्लांचा पण त्याच दिवशी नंबर लाव, उरलेली वाया जात नाही आणि त्यांचा रोग तुझ्या खुराड्यात येत नाही.

कोंबडा तयार झाला की झुंजीवाले दारात येतील, भाव पण चांगला सांगतील. देऊ नको. 1960 च्या कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे, आणि जीव लावून वाढवलेला पक्षी पायाला पातं बांधून मारायला कसा देणार तू?

रविवारी विट्याला ये, माझ्याकडच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, तुझ्यासाठी ठेवल्यात. येताना डालगं, कोंबड्यांची टोपली, आण, पोत्यात घालून नेऊ देणार नाही.

तुझा काका