तिन्ही खात्यांचं नाव ‘सेव्हिंग’

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, मी शाळेत शिक्षिका. ग्नूकॅश या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब ठेवते. पगाराचं, ह्यांच्यासोबतचं जॉइंट आणि मुलाच्या फीचं, तिन्ही खाती नुसती ‘सेव्हिंग’ दिसतात. खाली एफडी, त्याखाली सोसायटीचं पीककर्ज. कसं लावू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, आधी पीककर्ज तिथून उचला. ते ‘देणी’ गटात जातं. छाटणीला काढलेलं कर्ज मालमत्तेत राहिलं, तर माल लागायच्या आधीच तुम्ही श्रीमंत! कर्ज फेडताना मुद्दल हे नुसतं ट्रान्सफर, खर्चात फक्त व्याज.

नावात बँक, काम आणि शेवटचे चार आकडे पुरेत : ‘तासगाव शाखा – पगार – 4417’. पूर्ण नंबर नको, स्क्रीनशॉट कुठंही फिरतात. जॉइंटला ‘दोघे’ लिहा.

प्रत्येक बँकेचं एक मूळ खातं करून त्यावर ‘प्लेसहोल्डर’ची खूण करा, म्हणजे त्यात चुकून नोंद पडणार नाही. बाकीची त्याच्या पोटात. एफडीसुद्धा. याचा खरा फायदा वेगळाच आहे, एका बँकेतली बेरीज एका जागी दिसते : एका बँकेतल्या तुमच्या एकटीच्या नावावरच्या सगळ्या ठेवींना मिळून, व्याजासकट, विमा 5 लाखांपर्यंतच असतो. बेरीज त्याच्या पुढं गेली की पुढची एफडी दुसऱ्या बँकेत.