वाचकांचे प्रश्न : टू-स्ट्रोक मॉडेल इंजिनचे पोर्ट

प्रश्न : घरच्या लेथवर २.५ सीसीचं ग्लो इंजिन (तापलेल्या ग्लो प्लगने मिश्रण पेटवणारं) करतो आहे. बोअर १५ मिमी, स्ट्रोक १४ मिमी, कनेक्टिंग रॉड मध्य ते मध्य २८ मिमी. पिस्टनला रिंग नाही, माथ्यावर डिफ्लेक्टर (मिश्रण वर वळवणारा उंचवटा) आहे. क्रँकच्या एका फेरीत एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी) १४० अंश आणि ट्रान्सफर (क्रँककेसमधलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणारा पोर्ट) १२० अंश उघडा ठेवायचा आहे. लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) खुणा कुठे करू?

उत्तर : प्रोपेलर फिरवणाऱ्या साध्या इंजिनाला हे अंश योग्य आहेत. १४० अंश म्हणजे एक्झॉस्ट टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणानंतर) १८० − १४०/२ = ११० अंशांवर उघडतो. १२० अंशांचा ट्रान्सफर १२० वरच उघडतो. त्या कोनाला पिस्टन किती खाली आला ते असं काढा :

उतार = त्रि × (१ − कॉस क) + ल − √(ल² − (त्रि × साइन क)²)

यात त्रि म्हणजे स्ट्रोकचा अर्धा, ७; ल म्हणजे रॉड, २८; क म्हणजे कोन. एक्झॉस्टचा उतार १०.१८ मिमी येतो, ट्रान्सफरचा ११.१६. पिस्टन बीडीसीला, म्हणजे सर्वांत खाली, असताना त्याच्या माथ्याची कड जिथे येते तिथून वर मोजा : एक्झॉस्टची वरची कड ३.८२ मिमीवर, ट्रान्सफरची २.८४ मिमीवर.

सूत्राचा रॉडचा भाग, म्हणजे ‘ल’पासून पुढचा, गाळू नका. तो सोडला तर एक्झॉस्ट ४.६१ मिमी उंच निघतो आणि १४० ऐवजी सुमारे १५४ अंश उघडा राहतो. ज्वलनाचा दाब लवकर निसटतो आणि कमी वेगाला इंजिनात जोर राहत नाही. या जागी ०.१ मिमी म्हणजे एका बाजूला एक अंश, एकूण दोन. म्हणून नुसत्या पट्टीने आखू नका, व्हर्नियर हाइट गेज वापरा.

दोन पोर्टांमधला १० अंशांचा फरकही जपा. १२,००० आरपीएमला तो जेमतेम ०.१४ मिलिसेकंदाचा असतो, पण तेवढ्यात जळका वायू बाहेर पडून सिलिंडरमधला दाब उतरायला हवा. उतरला नाही तर जळका वायू ट्रान्सफरमधून क्रँककेसमध्ये शिरतो, ताजं मिश्रण बिघडवतो आणि इंजिन तापतं.

एक्झॉस्टची रुंदी ९ मिमीच्या आसपास पुरे. कोपरे गोल ठेवा. भोकांची रांग पाडून कानशीने जोडणार असाल तर वरची कड पूर्ण सरळ करा. गोल भोकाचं टोक आधी उघडतं, पण तिथून वायू फारसा जात नाही. पोर्ट आधी, लॅपिंग (आतला पृष्ठभाग बारीक घासून गुळगुळीत करणं) नंतर, हा क्रम पाळाच. लॅपिंगनंतर पोर्ट कापले तर आतली बर (कापल्यावर राहिलेली धातूची धारदार कड) पिस्टनवर चरे पाडते.

प्रश्न : पिस्टनची लांबी किती ठेवू?

उत्तर : टीडीसीला पिस्टनच्या स्कर्टने (माथ्याखालच्या भिंतीने) एक्झॉस्ट पूर्ण झाकला पाहिजे. पोर्टची खालची कड तेव्हा माथ्याच्या कडेपासून १४ मिमी खाली असते, म्हणजे १४ मिमीहून आखूड पिस्टन चालणारच नाही. क्रँककेस कार्ब्युरेटरऐवजी एक्झॉस्टमधूनच हवा ओढेल. खाली किमान ३ मिमी झाकण राहू द्या : लांबी १७. बीडीसीला स्कर्ट क्रँकच्या काउंटरवेटला टेकत नाही ना, तेही बघा.

प्रश्न : कापून झाल्यावर एक्झॉस्ट १३२ अंशच भरला. आता?

उत्तर : आधी टीडीसी नक्की करा. प्लगच्या भोकातून अडसर-स्क्रू घालून क्रँक दोन्ही दिशांनी टेकेपर्यंत फिरवा. डिग्रीच्या चकतीवरच्या दोन वाचनांचा मध्य म्हणजे टीडीसी. तरीही १३२ च येत असेल तर लायनरच्या कॉलरखाली (वरच्या रुंद कडेखाली) ०.४ मिमी शिम (पातळ चकती) घाला. दोन्ही पोर्ट वर सरकतील, एक्झॉस्ट १४० च्या जवळ जाईल, ट्रान्सफरही साधारण तितकाच वाढेल. मात्र हेडही वर जातं, कॉम्प्रेशन घटतं. तेवढंच हेड आत उतरवा. इनटेक (क्रँककेसमध्ये मिश्रण घेणारा पोर्ट) पिस्टनच्या स्कर्टने उघडत असेल तर त्याचे अंश कमी होतील, त्याची खालची कड वेगळी कानसावी लागेल.

शिमने कमी पडलेलं भरून निघतं, जास्त कापलेलं निघत नाही. त्याला कॉलरची बैठक खाली उतरवावी लागते. तेव्हा पहिल्या कापाला पोर्ट ०.२ मिमी कमीच ठेवा.