कोकणात राहून मानसशास्त्रात संशोधन करता येतं का? बाईमाणसाला या क्षेत्रात पुढे जागा आहे का?

विचारणारी देवगड तालुक्यातली आहे, वय चोवीस, मानसशास्त्रात एमए झालेली. तिला पीएचडी करून संशोधनात आणि शिकवण्यात राहायचंय. घरचे म्हणतात, इथे बसून कसलं संशोधन करणार, आधी लग्न उरकून घे.

माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगंच करते. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. २०११ साली पीएचडीला नाव नोंदवलं आणि २०१८ मध्ये पदवी हातात आली. मधे मुलगी झाली, सासऱ्यांचं दुखणं निघालं, आणि कायम नोकरी लागेपर्यंतची आठ वर्षं सीएचबीवर गेली. म्हणजे तासिका तत्त्वावर: जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल कधी निघेल ते ऑफिसातल्या क्लार्कलाही माहीत नसतं.

जागा आहे. पण माझ्या टीवायच्या, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाच्या, वर्गात चाळिसात पाच-सहा मुलगे असतात, आणि मुलाखतीला गेले तेव्हा टेबलापलीकडे पाच पुरुष आणि एक बाई. मधल्या मुली गेल्या कुठे? डोक्याने कमी पडली म्हणून थांबलेली एकही मला आठवत नाही. त्या पंचविशी ते पस्तिशी या दहा वर्षांत तुकड्यातुकड्याने गळतात. एक वर्ष नवऱ्याच्या बदलीत जातं, एक बाळंतपणात, दोन वर्षं 'यंदा जागा निघतील' याची वाट बघण्यात. खंड जवळपास सगळ्यांनाच पडतो. खंड संपल्यावर जिथे सोडलं तिथून उचलता येईल असं काही हातात उरतं का, यावर पुढचं ठरतं. म्हणून विषय असा धर की तुझं राहतं गावच त्याला लागेल. मुंबईची प्रयोगशाळा लागणारा विषय पहिल्या बदलीतच सुटतो.

माझा विषय होता एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा एकटेपणा. मुलगे मुंबईला, सुना त्यांच्याबरोबर, म्हातारी घर सांभाळून. आपल्याकडे वाडीत दर दोन-तीन घरांआड हे चित्र आहे, त्यामुळे नमुना शोधायला फिरावं लागलं नाही. राजापूर आणि कणकवली तालुक्यांतल्या चार वाड्या घेतल्या. वीस प्रश्नांची यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाची एकटेपणा मापनी, म्हणजे एकटेपणा मोजायची प्रश्नावली, मराठीत आणली, गाईडनी मान हलवली, आणि मी पहिली फेरी कधी घेतली? गणपतीत! कॉलेजला सुट्टी होती आणि मुलीला बघायला माहेरी माणसं होती, एवढाच हिशेब. आकडे इतके सुरेख आले की कोकणातल्या म्हाताऱ्यांसारखं सुखी जगात कुणी नाही असं वाटावं. घर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरलेलं, आरत्या चाललेल्या, मोदकांचं सारण ढवळता ढवळता आजी उत्तरं देतायत. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या बरं का. त्या दिवशी त्या एकट्या नव्हत्याच.

सुदैवाने सहा आज्यांचे फॉर्म अर्धवट राहिले होते, म्हणून पितृपंधरवड्यात पुन्हा गेले. घरं रिकामी. त्याच बाईने त्याच प्रश्नाला दुसरं टोक गाठलं. मग सगळ्याच घरांत तीन फेऱ्या केल्या: गणपतीनंतर, भातकापणी झाल्यावर, आणि शिमग्यानंतर. आषाढात मात्र गेले नाही. लावणीच्या दिवसांत चिखलातल्या बाईला 'तुम्हाला कितीदा एकटं वाटतं' विचारणाऱ्या माणसाला काय ऐकावं लागेल ते तुला सांगायला नको. माझ्या गाईड उत्तम होत्या, पण चाकरमानी कधी येतात आणि कधी जातात हे वेळापत्रक त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि तरी पहिल्यांदा मी ते वापरलं नाही, याची अजून लाज वाटते. प्रबंधातलं सगळ्यात धड प्रकरण शेवटी तेच झालं.

भाषेचंही तसंच. 'तुम्हाला एकटं वाटतं का' या प्रश्नावर कणकवलीकडच्या एका आजीने मला सुनावलं, "एकटी खंय? गाय आसा, मांजर आसा, वरच्या घरात काकी आसा." आणि 'बोलायला माणसं आहेत का' यावर, "माणसा आसत गो, बोलूचा काय?" पुस्तकी मराठीतली मापनी इथे निम्मी निसटते. आपल्या बायका 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. जीव लागत नाही म्हणतात, काळीज धडधडतं म्हणतात, कुणी बाहेरचं झालंय म्हणतं, कुणी देवाकडे गाऱ्हाणं घालून येतं. हे शब्द जिला घरातून मिळालेत तिने मालवणीत एक मापनी नीट बसवली, म्हणजे उलट भाषांतर (मालवणीतून परत मूळ भाषेत आणून ताडणं), लहान गटावर चाचणी, विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी मोजमाप सारखं येतं का) हे सगळं केलं, तर तेवढ्यावर एक स्वतंत्र पेपर होतो. हे काम मुंबईत बसलेल्या मुलीला तुझ्याइतकं सोपं नाही.

नवऱ्यामागे जावं लागलं तर? मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. लंडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बींबरोबरचं काम सोडून १९५४ मध्ये त्या युगांडाला गेल्या, कारण नवऱ्याला कंपालात नोकरी मिळाली होती. स्वतःला धड नेमणूकही नव्हती. तिथे त्यांनी आसपासच्या गावांतली २६ कुटुंबं घेतली आणि दर पंधरा दिवसांनी घरी जाऊन आई आणि तान्हं मूल यांना बघत बसल्या, महिनोन्‌महिने. १९६७ मध्ये त्यावर पुस्तक आलं, आणि आई-मुलाच्या आसक्तीबद्दल (अटॅचमेंट) आज आपण जे शिकवतो त्याचा पाया त्या ओसरीवरच्या निरीक्षणांत आहे. (युगांडात ओसरी म्हणत नसतील, पण मला ती तशीच दिसते.) यावरून 'नवऱ्यामागे जा, कल्याण होईल' असं कुणी म्हणायला लागलं तर ऐकू नकोस. तो संसारही पुढे मोडला. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की जिथे पोचली तिथे जे समोर होतं, तेच तिने दर पंधरवड्याला न चुकता टिपलं.

आणि दारं बंद असण्याचंही नवल वाटून घेऊ नकोस. अमेरिकेच्या मेरी कॅल्किन्स यांनी १८९५ पर्यंत हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचं सगळं काम पुरं केलं, प्राध्यापकांनी शाबासकी दिली, विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण बाई. पुढे १९०५ मध्ये याच कॅल्किन्स अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे तेव्हा मुलींनी चार अक्षरं शिकणं हाच वादाचा मुद्दा होता, आणि तो वाद अंगावर घेणारे कर्वे तुझ्या-माझ्या कोकणातले, दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एसएनडीटीत, तुला पीएचडीसाठी अर्ज करता येईल. मुंबई विद्यापीठ आहेच.

तुझ्या अगदी शेजारचं उदाहरण हवं असेल तर गोवा बघ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांचा २००२ चा अभ्यास वाच. जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या गरोदर बायकांचा त्यांनी बाळंतपणानंतरही माग ठेवला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं, आणि त्यात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांचा संबंध दिसला. बांद्याचा नाका ओलांडला की गोवा. म्हणजे विषय नाहीत असं नाही. फयानपासून तौक्तेपर्यंतची वादळं, चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर, काजूच्या कारखान्यांतल्या बायका, बोट समुद्रात असताना घरी जागणारी कोळीण. यांपैकी प्रत्येकीच्या मनावर काय गुजरतं हे मोजायला कुणीतरी हवंय. आणि 'मोजायला'च असं नाही. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी बायकांच्या मानसिक आरोग्याकडे हक्कांच्या बाजूने बघायला शिकवलं. त्या २०२४ मध्ये गेल्या. त्यांचं लिखाण वाचल्याशिवाय सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहू नकोस.

आता पैसे आणि नियम. हे भराभर सांगते, कारण रुक्ष आहे, पण नीट वाच. नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दे. तिच्यातूनच मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती लागली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. जेआरएफला वयाची अट आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सूट मिळते. नुसत्या सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही, आपल्या सेटलाही, म्हणजे राज्याच्या पात्रता परीक्षेलाही, नाही. मी सेटवरच लागले. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात, पण ते गुण वर्षभरच चालतात, एवढं ध्यानात ठेव. जातीच्या दाखल्यानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. मात्र रक्कम ठरल्या तारखेला येईल असं धरून खोलीचं भाडं कबूल करू नकोस.

पीएचडीत स्त्रियांना मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते, मुदतीत दोन वर्षं जादा मिळतात, आणि लग्नामुळे गाव बदललं तर नोंदणी आणि जमवलेला डेटा दुसऱ्या संस्थेत नेता येतो. हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत आलं, २०२२ च्या नियमांतही आहे. मी २०१३ मध्ये बाळंत झाले तेव्हा यातलं काही नव्हतं. मी मुलीला पाळण्यात ढकलत मुलाखती उतरवल्या आणि वर 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा घेतला. विद्यापीठाच्या खिडकीवरचा माणूस 'असं काही नसतं' म्हणाला तर वाद घालू नकोस, नियमाची प्रत पुढे कर आणि पोच घे.

गाईड निवडताना नाव बघू नकोस. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत, ते उघड. नोंदणीपासून पदवीपर्यंत किती वर्षं लागली, मुलींचे प्रबंध पुरे झाले का, ते बघ. मग त्यातल्या दोघींना गाठून विचार की सर किंवा मॅडम रात्री दहानंतर फोन करतात का, आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं. माझ्या पहिल्या पेपरवर ज्यांचं नाव पहिलं आहे त्यांनी एकही वाडी पाहिलेली नाही. (माझ्या गाईड नव्हेत त्या, वेगळं प्रकरण.) मी गप्प बसले. आज बसले नसते. पेपरला पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांपासूनही लांब राहा. २०२२ च्या नियमांनंतर पीएचडीला पेपर छापलेला असण्याची सक्ती राहिलेली नाही.

आणखी एक. एमए झाल्यावर नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावता येत नाही, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो रस्ता निराळा आहे. पण मुलाखतीला जाशील तेव्हा समोरची बाई तुला डॉक्टरच समजणार. माझ्या दुसऱ्या फेरीत एका आजीने पाणी आणून दिलं, बसली आणि म्हणाली, विहीर जवळच आहे, कधीतरी संपवीन. मापनीत त्याला रकाना नव्हता. मी फॉर्म बाजूला ठेवला, संध्याकाळपर्यंत थांबले, शेजारच्या काकींना विश्वासात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेले. तेव्हा मी तयारीशिवाय गेले होते. तू जाताना कुणाकडे पाठवायचं हे आधीच ठरवून ठेव, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही. त्या रात्री मला झोप लागली नाही, तुलाही लागणार नाही. त्यासाठी जिच्याशी बोलता येईल अशी एखादी मैत्रीण याच विषयातली जोडून ठेव.

सीएचबीबद्दल लपवत नाही. कायम जागा कमी निघतात, आणि निघाल्या तर कुठल्या प्रवर्गाच्या निघतील सांगता येत नाही. माझ्या मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "बाळ लहान आहे, जमेल का?" शेजारच्या पुरुष उमेदवाराला जुळे होते. त्याला विचारलं नाही. तासिकेवर राहायची वेळ आली तर किती वर्षं राहणार ते आधी स्वतःशी ठरव. मी चार ठरवली होती आणि आठ काढली, हे चुकलंच. त्या मुदतीत शाळांमधलं समुपदेशन किंवा एखाद्या प्रकल्पावरची संशोधन सहायकाची नोकरी मिळाली तर ती कमीपणाची समजू नकोस. डेटा तिथेही जमतो.

राहिलं लग्न. ते करू नको असं सांगायला मी कोण? मी केलंच, आणि तुतारी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरून कलिन्याला मुंबई विद्यापीठात जायचे तेव्हा मुलीला नवऱ्यानेच सांभाळलं. पण स्थळ बघायला येईल तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून सरळ सांग: तीन-चार वर्षं महिन्यातले सात-आठ दिवस मी घराबाहेर असेन, कधी वाड्यांवर, कधी विद्यापीठात. मग त्याच्याकडे बघू नकोस, त्याच्या आईकडे बघ. आणि घरच्यांना सांग की नेटचा पुढचा फॉर्म भरून होईपर्यंत तरी कांदेपोहे नकोत. कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम, पुढच्या पावसाळ्याआधी संपलं तर पहिली फेरी भातकापणीनंतर घेता येईल.