मुंबईतल्या कॉलेजात बहुसांस्कृतिक अभ्यासाचा पेपर कसा सुरू करावा?

अमेरिकेतल्या ‘एथ्निक स्टडीज’सारखा, म्हणजे वेगवेगळ्या समाजांचा इतिहास आणि ओळख शिकवणारा पेपर इथे चालेल का, मुलं येतील का, असं तुम्ही विचारलंय. मुलं येतात. पेपर बुडवतात ते अभ्यासक्रम लिहिणारे. पारशी, बोहरी, कोळी, सिंधी... पंधरा तासांत पंधरा समाज! म्हणजे ट्रॅडिशनल डेचीच लेखी आवृत्ती. हा विषय जिथून उभा राहिला, त्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ विद्यार्थ्यांचा संप चालला, तो काही ‘आमचे सण दाखवा’ म्हणून नव्हता. आमचा इतिहास कोण शिकवतो आणि प्रवेश कुणाला मिळतो, यावर होता.

दोनच समाज घ्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, घेतलेत तर आडनावांपासून सुरुवात करा: पेणकर, रोहेकर, किहीमकर. सगळी कोकणातली गावं. शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. दुसरे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून. ओळख घडवली जाते हे मुलांना यावरून लगेच कळतं, थिअरी नंतर.

दोन क्रेडिट पूर्ण थिअरीची ठेवलीत तर ३० तास होतात. त्यापेक्षा एक क्रेडिट थिअरी, एक फील्ड करा: थिअरीचे १५ तास अधिक फील्डचे ३०. ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्यांनी निवडायच्या पेपरला, समोर कॉमर्स-सायन्सची मुलं असणार, तेव्हा जड परिभाषा पहिले तीन आठवडे कपाटातच राहू द्या.

खरा घोळ फील्डमध्ये होतो. शनिवारी लेक्चर कमी म्हणून नेमकी शनिवारी सिनेगॉगची भेट ठरते, आणि तिथे शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार. अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नसतो, हे दारात पोचल्यावर कळतं. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलैदरम्यान जा. मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला, माणसं निवांत बोलतात. एका खेपेला १२-१५ मुलं, त्याहून जास्त नकोत. रेकॉर्डिंग आधी विचारूनच, आणि दोन मुलांत मिळून ४० मिनिटांचं पुरे, कारण तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास जातात. त्यातही मुलं भाषा ‘सुधारतात’. मावशी म्हणते ‘कोलीवारा’, वहीत येतं ‘कोळीवाडा’. इथे मार्क कापा, सरळ.

पेपर मंजुरीच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच, ‘हे सगळं समाजशास्त्रात आहेच की!’ हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. वाद घालू नका. त्यांच्याच अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवा आणि त्यात ईस्ट इंडियन शोधायला सांगा.

एक राहिलंच: हे स्वायत्त कॉलेजाबद्दल झालं. कॉलेज नुसतं संलग्न असेल तर पेपर तुमच्या हातात नाही, विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. तोवर फील्ड प्रोजेक्ट किंवा कम्युनिटी एंगेजमेंटच्या क्रेडिटमध्ये हेच काम बसवा. मात्र उतरवलेल्या मुलाखतीची एक प्रत त्या मावशीच्या घरी पोचवा, नाहीतर पुढच्या बॅचला दार उघडणार नाही.